आपली टीम हरली आणि मला बरं वाटलं

वाचकाचं पत्र

ताई,

मी लातूरला मार्केट यार्डात एका आडत दुकानावर हिशेब बघतो. वय २५. गाव औसा तालुक्यात, घरी शेती. आम्ही सहा मित्र शाळेपासून इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबचे फॅन. औसा रोडला एका मित्राची वरच्या मजल्यावर खोली आहे, तिथं सगळे मिळून मॅच बघतो. नवा मॅनेजर (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) आला त्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं, "हा पण नाताळ बघत नाही." ज्याची खोली आहे तो माझा सगळ्यात जवळचा मित्र. त्याला लई आशा आहे. काही बोललं की आमच्या जुन्या मॅनेजरचं, फर्ग्युसनचं, उदाहरण देतो. शब्दाने शब्द वाढला आणि पैज लागली. नाताळापर्यंत मॅनेजर टिकला तर सगळ्यांना मटणाचं जेवण मी द्यायचं, नाही टिकला तर त्याने.

पहिल्या दोन मॅच जिंकलो, तेव्हा मला खूप बोलले. तिसरी हरलो. खरं सांगतो ताई, शेवटची शिट्टी झाली आणि मला आतून बरं वाटलं. मी हसलो. मित्र म्हणाला, "तू फॅनच न्हाईस. तू आपल्या हरण्याची वाट बघतूस. उद्यापासून इथं येऊ नको." तीन आठवडे झाले, बोलणं बंद आहे. मॅच मोबाइलवर एकटाच बघतो. माझी शंका चुकीची आहे का? फर्ग्युसन गेल्यापासून इतके मॅनेजर बघितले, आशा ठेवायची तरी कशी? आणि मित्राला काय म्हणू?

एक वाचक, लातूर

उत्तर

तुझ्या शंकेत मला काही वावगं दिसत नाही. घोळ पैजेने केला आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलते.

मॅनेजर टिकणार नाही असं तुला वाटलं, ठीक आहे. पण ते तू सगळ्यांसमोर तारखेसकट सांगितलंस, वर त्यावर जेवण लावलंस. तेव्हापासून टीम जिंकली की तू हरणार, अशी सोय तूच करून ठेवलीस. दोन मॅचनंतर मित्रांनी जे ऐकवलं ते तुझ्या मनात होतंच. तिसऱ्या मॅचला जे बरं वाटलं ते त्या बोलण्यातून सुटका झाल्याचं होतं, असं मला वाटतं. लहानपणापासूनच्या मित्रांपुढे खोटं ठरणं फार लागतं. त्यामुळे तू फॅन राहिला नाहीस, हे मित्राचं म्हणणं मला पटत नाही. ज्याचं प्रेम संपलं त्याला एक हसू तीन आठवडे टोचत नाही, आणि तो मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर एकटा मॅच बघत बसत नाही.

पण हे इथेच थांबवायला हवं, कारण ते वाढत जातं. आज एका पराभवाने बरं वाटलं. उद्या अॅकॅडमीतून नुकताच वर आलेला एखादा पोरगा मोकळ्या गोलसमोर चेंडू बाहेर मारेल आणि तुझ्या तोंडून पहिला शब्द निघेल, "बघा, म्हटलं नव्हतं?" अशी माणसं मी पाहिली आहेत. एकही मॅच चुकवत नाहीत, पण जिंकल्याचा आनंद त्यांना होत नाही. आपलं म्हणणं कधी खरं ठरतंय याचीच राखण करत बसतात. तुझं तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मॅनेजरचं नाव आणि त्याच्या डावपेचांवर तू लिहिलेली दीड पानं मी इथे घेतली नाहीत. हे उत्तर तुझ्या हाती पडेपर्यंत आणखी तीन-चार मॅच झालेल्या असतील आणि दोन्ही बाजूंची मतं दोनदा फिरलेली असतील. शिवाय तुमचं भांडण या माणसाच्या येण्याच्या खूप आधीपासूनचं आहे.

२०१३ च्या मे महिन्यात अॅलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाले तेव्हा तू सहावी-सातवीत असशील. ओल्ड ट्रॅफर्ड या घरच्या मैदानावरच्या निरोपाच्या भाषणात त्यांनी प्रेक्षकांना सांगितलं, आता नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभं राहणं हे तुमचं काम. लोक उभे राहिलेही. डेव्हिड मॉयस यांना सहा वर्षांचा करार मिळाला, स्टँडवर त्यांच्या चेहऱ्याचा 'द चोझन वन' (निवडलेला) असा फलक लागला. फेब्रुवारीत तळाला असलेल्या फुलहॅमविरुद्ध घरच्या मैदानावर ८० च्या वर क्रॉस (बाजूने गोलसमोर मारलेले चेंडू) टाकून निकाल २-२. मार्चमध्ये 'राँग वन' (चुकीचा) लिहिलेला फलक ओढत विमान मैदानावरून गेलं. एप्रिलमध्ये मॉयस घरी.

आता त्याच उन्हाळ्यातली दुसरी गोष्ट बघ, जी भांडताना कुणाला आठवत नाही. फर्ग्युसन यांच्याबरोबर मुख्य कार्यकारी डेव्हिड गिल हेही बाहेर पडले. खेळाडूंचे सौदे आणि करार बघणारा माणूस आणि टीम बघणारा माणूस, दोघं एकाच वेळी बदलले. खेळाडू घेण्याची मुदत संपली तेव्हा हाती मोठी खरेदी एकच होती, मारुआन फेलायनी. आणि हेच मॉयस २०२३ मध्ये वेस्ट हॅम क्लबला घेऊन युरोपा कॉन्फरन्स लीग ही युरोपातली स्पर्धा जिंकले. माणूस बिनकामाचा नव्हता.

पुढच्या मॅनेजरांचं तुला पाठ आहे, तरी एका दमात वाच. व्हॅन गाल यांनी २०१६ मध्ये एफए कप जिंकला आणि लगेच त्यांना काढलं. मोरिन्यो यांनी २०१७ मध्ये लीग कप आणि युरोपा लीग आणली, पुढच्या हंगामात टीम दुसरी आली, २०१८ च्या डिसेंबरात तेही गेले. टेन हाग यांनी २०२४ च्या मे महिन्यात एफए कप जिंकला. जुलैत क्लबने त्यांचा करार वाढवला आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्यांना घरी पाठवलं. त्याच जुलैत रुजू झालेले क्रीडा संचालक डॅन अॅशवर्थ डिसेंबरात बाहेर. मधल्या हंगामात आलेल्या रुबेन अमोरिम यांना तीन बचावपटू आणि दोन विंगबॅक (कडेने बचाव आणि चढाई दोन्ही करणारे) घेऊन खेळायचं होतं, आणि टीम बांधलेली होती वेगळ्याच पद्धतीसाठी. २०२४-२५ ला युनायटेड १५ व्या क्रमांकावर राहिली.

स्कॉटिश, डच, पोर्तुगीज, नॉर्वेजियन. कडक, मवाळ, अनुभवी, तरुण. सगळ्या प्रकारची माणसं मॅनेजरच्या त्या बाकावर बसून गेली. मग दोष दर वेळी बाकावरच्या माणसाचाच कसा असेल? तुझ्या शंकेचा पत्ता चुकला आहे. ती क्लबवर घे. खेळाडू कोण निवडतो, कुणाच्या पद्धतीसाठी निवडतो, मॅनेजर बदलला की त्या खेळाडूंचं काय करतो, करार वाढवून चार महिन्यांच्या आत मन का बदलतं? हे प्रश्न तू जितके कडक विचारशील तितके थोडेच. लिव्हरपूलमध्ये मॅनेजर क्लॉप जवळपास नऊ वर्षांनी गेले आणि नेदरलँड्सच्या फेयेनूर्ड क्लबहून आलेल्या आर्ने स्लॉट यांनी पहिल्याच हंगामात, २०२४-२५ मध्ये, लीग जिंकली. नवे खेळाडू त्यांना फारसे घ्यावेही लागले नाहीत. गुणी आहेतच ते, पण त्यांना टीम लावलेली मिळाली. तुमच्या नव्या मॅनेजरला तशी मिळाली आहे का, हा खरा वाद आहे, आणि त्या वादात तू आणि तुझा मित्र बहुतेक एकाच बाजूला निघाल.

मित्राच्या फर्ग्युसनबद्दल. उदाहरण खरं आहे. फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये आले. तो हंगाम अकरावा क्रमांक, नंतर दुसरा, मग पुन्हा अकरावा, १९८९-९० ला तेरावा. १९८९ च्या डिसेंबरात स्टँडमध्ये तीन वर्षांच्या सबबींचा हिशेब मांडणारा, निरोप देणारा फलक झळकला होता. त्याच हंगामाच्या शेवटी एफए कप आला आणि १९९३ मध्ये, २६ वर्षांनी, लीग.

पण हे उदाहरण नेहमी अर्धंच सांगतात. त्या कोरड्या वर्षांत फर्ग्युसन लहान मुलं हेरणारी आणि घडवणारी यंत्रणा नव्याने उभी करत होते. रायन गिग्स तिच्यातूनच आला आणि १९९१ मध्ये पहिल्या संघातून खेळला. खेळाडूंची दारू पिण्याची सवय मोडायलाही त्यांनी हात घातला होता. निकाल लागत नव्हते तेव्हाही काम दिसत होतं. 'वेळ द्या' म्हणणाऱ्याने त्या वेळात काय चाललं आहे हेही दाखवायला हवं. वेळ मिळूनही ज्यांच्या हातून काही झालं नाही त्यांची नावं कुणी काढत नाही, म्हणून फर्ग्युसन एकटेच आठवतात. हे मित्राला कळायला हवं, पण ते तू त्याला समजावण्याची वेळ आत्ता नाही.

पहिल्या दोन विजयांवर तो हुरळला, तेही जपून घ्यायला हवं होतं. तुमच्या घरी शेती आहे, तुला चटकन कळेल. मृगाच्या पहिल्या सरीवर सोयाबीन पेरलं आणि पुढे पावसाने ताण दिला की दुबार पेरणी अंगावर येते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं सांगत असतं ते त्यासाठीच. मोरिन्योंच्या जागी आलेले सोल्शायर आठव. २०१८ च्या डिसेंबरात हंगामी म्हणून आले, पहिल्या आठही मॅच जिंकल्या. मार्चमध्ये पॅरिसला ३-१ जिंकून चॅम्पियन्स लीगमध्ये पुढे गेले. लोक वेडे झाले, २८ मार्चला क्लबने त्यांना कायम केलं. त्यानंतर उरलेल्या हंगामातल्या दहा मॅचपैकी दोनच जिंकल्या.

याचं कारण साधं आहे. क्लब मॅनेजरला बहुधा काढतो ते टीम सर्वांत वाईट खेळत असताना. तिथून ती बहुतेक वेळा थोडी वर येतेच, कुणीही आलं तरी. नेदरलँड्सच्या अव्वल लीगमधल्या १९८६ ते २००४ या काळातल्या हकालपट्ट्या बास टेर वील या अर्थतज्ज्ञाने तपासल्या. मॅनेजर बदललेल्या टीम सावरल्या होत्या. पण तितक्याच घसरलेल्या, मॅनेजर न बदललेल्या टीमही तशाच सावरल्या होत्या. म्हणून पहिल्या दोन विजयांनी त्याचं म्हणणं सिद्ध झालं नाही, आणि तिसऱ्या पराभवाने तुझंही नाही.

शंका घेणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. २०१४ च्या नोव्हेंबरात ग्रीसचा संघ घरच्या मैदानावर फॅरो बेटांकडून हरला आणि प्रशिक्षक क्लॉडियो रानिएरी यांची नोकरी गेली. पुढच्या जुलैत इंग्लंडच्या लेस्टर क्लबने त्यांना घेतलं तेव्हा लोकांनी कपाळावर हात मारला. लेस्टर लीग जिंकेल यावर सट्टेवाले एकास पाच हजार देत होते, आणि लेस्टर जिंकली. शंका घेणाऱ्यांकडे पुरावा होता, तरी ते चुकले. मग नऊ महिन्यांनी त्याच रानिएरींना काढलं, तेव्हा आशा बाळगणारेही गप्प झाले.

त्यातून ज्या शंकेला पुरावाच नसतो, नुसतं नाव अनोळखी म्हणून जी येते, ती तर सर्वांत कच्ची. १९९६ मध्ये जपानच्या नागोयाहून आर्सेन वेंगर आर्सेनलला मॅनेजर म्हणून आले तेव्हा लंडनच्या वर्तमानपत्राने 'आर्सेन कोण?' असा मथळा दिला. १९९८ मध्ये त्यांनी लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. आपल्याकडेही हेच चालतं. परदेशी नाव आलं की आशा, आपल्यातला माणूस आला की शंका. खालिद जमील यांनी २०१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला भारतातली आय-लीग जिंकून दिली, तरी भारताचं प्रशिक्षकपद त्यांच्याकडे यायला २०२५ चा ऑगस्ट उजाडावा लागला. तुमच्या सहा जणांच्या गप्पांत त्यांचंही नाव कधी निघावं अशी माझी इच्छा आहे.

मग बघायचं काय? निकाल सोडून जे टीव्हीवर सगळ्यांना दिसतं ते. चेंडू गेल्यावर पहिल्या पाच सेकंदांत किती जण तो परत मिळवायला धावतात. एकाच प्रकारचा गोल पुन्हा पुन्हा खातो आहोत का, की एक भोक बुजवून दुसरं सापडतंय. कॉर्नरला काही ठरवलेलं दिसतं का. साठाव्या मिनिटाला मागे असताना बदली खेळाडू कुठल्या विचाराने येतो. ऐंशीव्या मिनिटाला खेळाडू एकमेकांवर ओरडतात की हात वर करून उभे राहतात. आर्सेनलमध्ये मॅनेजर मिकेल आर्तेता यांचे पहिले दोन्ही हंगाम आठव्या क्रमांकावर संपले आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला, २०२१ मध्ये, पहिल्या तीन मॅच एकही गोल न करता हरले. टीम तळाला होती. नुसता निकाल बघणाऱ्याने तिथेच फुली मारली असती. पण त्याच वर्षी टीम तरुण होत चालली होती, कॉर्नर-फ्रीकिकसाठी निकोलस जोव्हर आले होते, कोण कुठे उभं राहतं ते ठरलं होतं. २०२२-२३ पासून ओळीने तीन हंगाम आर्सेनल दुसरी आली. आर्सेनलचं नाव घेतलं म्हणून रागावू नकोस.

यातलं प्रत्येकाने दोन-दोन गोष्टी निवडाव्यात आणि मॅच संपल्यावर त्यावरच बोलावं. दहा मॅच झाल्याशिवाय मॅनेजर राहावा की जावा हा विषय काढू नये. तुला आशा ठेवायची कशी असं विचारलं होतंस, तर इतक्या मोठ्या आशेची सक्ती कुणी केलेली नाही. हा माणूस लीग जिंकेल असं तू मानायची गरज नाही. पुढच्या मॅचला मधली फळी जरा जवळ जवळ खेळेल, एवढी आशा पुरते. तीही फुकट गेली तर पुढच्या आठवड्याला दुसरी ठेवता येते.

आता मित्र.

तो जे बोलला ते लागणारं होतं, आणि खोलीवर येऊ नको म्हणणं तर फारच. पण तू हसलास तेव्हा त्याला काय दिसलं असेल? नवा माणूस आला म्हणून तो आठवडाभर खूश होता. सहा जणांसाठी त्याची खोली कायम उघडी. टीम हरली, आणि शेजारी बसलेला त्याचा सगळ्यात जवळचा मित्र हसतो. त्याला वाटलं असणार, हा आपल्यालाच हसला. कदाचित थोडं तसं होतंही.

म्हणून ग्रुपवर काही लिहू नकोस. मॅचच्या दिवशी नको, हरल्यावर तर मुळीच नको. मधल्या वारी, दुकानावरची आवक आटोपली की संध्याकाळी त्याला फोन कर आणि बाहेर कुठेतरी भेट. डावपेच, अमोरिम, मॉयस, मी वर लिहिलेलं यातलं काही काढू नकोस. मला लिहिलंस तेच त्याला सांग: हरलो तेव्हा मला बरं वाटलं, आणि तेव्हापासून ते मला खातंय. त्याच्या आशेला भाबडी म्हणू नकोस. उलट विचार, तुला या माणसात नेमकं काय दिसलं? आणि तो सांगेल ते मध्ये न बोलता ऐक. तुम्ही दोघं इतके दिवस ओरडलात, पण त्याला काय दिसलं हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. तुला ते माहीतच नसावं असं मला वाटतं.

पैज त्याच भेटीत मोडा. दोघं मिळून बाकीच्या चौघांना सांगा की ती संपली, आणि मटणाचं जेवण दोघांनी निम्मा-निम्मा खर्च घालून याच महिन्यात द्या. 'तुम्ही घाबरलात' असं चौघांपैकी कुणीतरी म्हणेलच. म्हणू दे. पुन्हा कुठल्या मॅनेजरवर पैज लावू नका. एखाद्या मॅचच्या स्कोअरवर चहाची लावली तर माझी हरकत नाही.

रविवारची मॅच थंडीत बऱ्याचदा आपल्याकडे रात्री दहाला लागते. त्याने ये म्हटलं तर सगळ्यांच्या आधी जा. अजून नको म्हणाला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचार.

तुझी ताई